बावन्न खवण्या, एक्कावन्न नारळ

॥ श्री ॥
रत्नागिरी, सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

हफीजा,

या कागदाच्या पाठीवर काहीतरी छापलेलं दिसेल. ते आपल्या कारखान्याचं जुनं चाचणीपत्र. माळ्यावर गठ्ठा पडून होता, एक बाजू कोरी. कोरी बाजू असताना नवा कागद कशाला आणायचा? तू मनात काय म्हणालीस ते मला इथे ऐकू आलं. हो, अजून तशीच आहे.

गेल्या साली सुनेच्या मोबाईलवरून तुला फोन लावला होता. "मी यमुना" एवढंच बोलले आणि तू ठेवलास. बरं केलंस. फोनवर मी सरळ बोललेच नसते. तब्येत विचारली असती, मोहोर कसा आहे विचारलं असतं आणि सुटले असते. पत्रात तसं सुटता येत नाही, लिहिलेलं समोर बसून राहतं.

आज लिहायचं कारण तुझी नात, झारा. ती इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजात आहे हे मला ठाऊक नव्हतं. पंधरवड्यापूर्वी तिचा वर्ग मिरजोळ्याला कारखाना बघायला आला. मी शुक्रवारी अजून जाते, ह्यांच्या तसबिरीला हार घालायला. माझा संदेश मुलांना माहिती देत होता. तुझ्या मांडीवर खेळलेला संदेश, आता कारखाना तोच बघतो, कानशिलावरचे केस पिकायला लागलेत त्याचे. तर ही पोर खवणीच्या पात्यावर बोट ठेवून म्हणाली, "सर, याचे दाते तिरके का आहेत?" संदेशला सांगता येईना. मी मागून म्हटलं, "सरळ दात्याने खोबऱ्याबरोबर करवंटीचा काळा भुगा येतो, म्हणून." ती वळली. डोळे अगदी तुझे. गाव विचारलं तर केळशी म्हणाली.

मग विचारलं, तुझे आजोबा काय करतात हल्ली? ती हसायलाच लागली. "काही नाही. पंखा बंद पडला तरी दादी त्यांना हात लावू देत नाही. म्हणते, लांब राहा, आधीच एकाचा हात घालवलाय तुम्ही."

पोरीला गंमत वाटत होती. मीही हसले. ती गेल्यावर तसबिरीपुढे उभी राहिले आणि हार हातातच राहिला.

म्हणजे युसुफभाईंनी तुला, स्वतःच्या बायकोलाही, काही सांगितलंच नाही. तेहतीस वर्षं मी धरून चालले होते की जगाला नसलं तरी हफीजाला ठाऊक आहे, म्हणूनच तिने मला तोडलं. त्या समजुतीचा मला आधार होता बघ. तुझा राग ही माझी शिक्षा, ती भोगतेय, झालं.

यंदा पाडव्याला कारखान्याला चाळीस वर्षं होतात. पुस्तिका छापतायत. माझी सून मृणाली मजकूर लिहिते. त्यात १९९३ सालच्या पानावर आहे, 'एका कारागिराच्या हलगर्जीपणामुळे कंपनीवर मोठे संकट आले.' नाव नाही, पण रत्नागिरीत जुन्या माणसांना नाव लागतं कुठे? ते पान मी तसं छापू देणार नाही. पण खरं काय ते जगाच्या आधी तुला कळायला हवं.

आज एवढंच जमतंय.

यमुना


॥ श्री ॥
रत्नागिरी, बुधवार, २५ फेब्रुवारी २०२६

हफीजा,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्र पोचलं. झाली तेवढी बेइज्जती पुरे. परत लिहू नका.' तीनच वाक्यं, पण अक्षर अजून मोत्यासारखं. मी तरी लिहिते. तुला वाचायचं नसेल तर चुलीत घाल. रोजे चालू आहेत, चिडू मात्र नकोस.

मृणाली माझ्या मागे लागलीय, "आई, सुरुवातीचा इतिहास सांगा ना." तिच्याकडे एवढंच आहे की १९८६ साली हरिश्चंद्रशेठनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन 'हरिप्रिया गृहसाधने' सुरू केली. शेड ह्यांनी घेतली, खरंच आहे. पण इतिहास काही शेडपासून सुरू होत नाही. तो तुझ्या मनगटापासून सुरू होतो.

तुझ्या नणंदेच्या लग्नात साठ नारळ तू एकटीने खोवलेस. मनगट सुजून टम्म झालं, मी हळदीचा लेप घेऊन आले होते. युसुफभाई नुकतेच जहाजावरची फिटरची नोकरी सोडून आले होते. ओट्यावर बसून ह्यांना म्हणाले, "हरिभाऊ, जहाजावर नांगर ओढायला मोटार असते आणि आमच्या बायकांना एक नारळ खोवायला नाही?" ह्यांचं मोटारी गुंडाळायचं दुकान. दोघांची डोकी तिथेच चालायला लागली. युसुफभाईंनी तुला न विचारता तुझ्या खवणीचं पातं काढून नेलं. दोन दिवस तू खवणीवाचून घर डोक्यावर घेतलंस. "माझ्या माहेरची खवणी आहे ती, जहाज नाय तुमचं!" त्या पात्याचा बाक घेऊन पहिलं यंत्र झालं. ते चालवलं माझ्या स्वयंपाकघरात, आणि खोबरं उडून थेट देव्हाऱ्यात. हे म्हणाले, "चला, नैवेद्य पोचला."

आता ज्याच्या पाठीवर लिहितेय त्या चाचणीपत्राचं. पहिल्या वर्षी खालच्या आळीतल्या एक बाई यंत्र परत घेऊन आल्या. "तुमच्या खोबऱ्याला सायकलीच्या दुकानाचा वास येतोय." मोटारीतलं ग्रीस झिरपत होतं. त्या दिवसापासून युसुफभाईंनी नियम केला की एकही खवणी नारळ लावल्याशिवाय खोक्यात जायची नाही, आणि खोवलेल्या खोबऱ्याची चिमूट कुणीतरी चाखायचीच. छापील रकाने बघ. यंत्र क्रमांक. नारळ लावून चालवले, सही. चाखले, सही. निकाल. यंत्र ते चालवायचे आणि चाखायचेही तेच. फक्त रमजानात चाखायचं काम माझ्याकडे. ह्यांना मशेरीची सवय, त्या जिभेवर युसुफभाईंचा भरवसा नव्हता.

यंत्रामागे एक नारळ, म्हणून नारळवही मी ठेवायला लागले. उरलेल्या खोबऱ्याच्या वड्या करायचे आणि तू डबे भरायचीस. "यमुनाताई, कारखाना वड्यांचा काढा, खवण्या फुकट वाटा." असं म्हणायचीस, आठवतं?

सात वर्षं ही पद्धत एका दिवसासाठीही मोडली नाही. पुढे एकदाच मोडली. ती कुणी मोडली ते लिहायला बसले होते, पण मृणाली चहाला हाका मारतेय. हे खोटं आहे, तिने हाक मारलेली नाही. पेन इथे अडतंय एवढंच.

यमुना


॥ श्री ॥
रत्नागिरी, शुक्रवार, ६ मार्च २०२६

हफीजा,

आज संकष्टी. चंद्र दिसायच्या आत हे संपवायचं आणि मगच उपास सोडायचा, असं ठरवून बसले आहे. शिमग्याची पालखी परवा घरी येऊन गेली. ओटी भरताना माझी मान वर झाली नाही. देवी दारात आणि मी तिच्या पायांकडे बघून तांदूळ घालतेय.

१९९३. फेब्रुवारीत संदेशला विषमज्वर झाला ते तुला आठवतं, रात्री तूही जागवल्यास. चार वर्षांचं पोर, अंगाचं नुसतं चिपाड. मी भगवतीला बोलले, पोर उठून बसू दे, एक्कावन्न नारळांचं तोरण बांधीन. सतराव्या दिवशी ताप उतरला. पाडव्याच्या आत तोरण बांधायचं होतं. त्या साली पाडवा आणि ईद लागून आली होती, जशी यंदा येतेय, आणि नारळ महागलेला.

कारखान्यात चाचणीच्या पोत्यात बावन्न नारळ होते. पाडव्याच्या मुहूर्ताला बावन्न खवण्या जायच्या होत्या. मी पोतं बघितलं आणि मनात म्हटलं, घरात नारळ असताना बाजारातून कशाला? एक नासका निघाला. एक्कावन्न बरोबर निघाले. मला तो देवीचा कौल वाटला, हफीजा. आज लिहितानाही आठवतं, मला आनंद झाला होता.

युसुफभाई म्हणाले, "वहिनी, मग चाचणी?"

मी म्हटलं, "रिकामी चालवून बघा. सात वर्षांत एक तरी बिघडलीय का?"

"रिकामी चालली म्हणजे चालली नव्हे. दाब आला की कळतं. आणि या पिना नव्या दुकानदाराच्या आहेत, मी अजून पारखल्या नाहीत." पातं दांड्याला धरून ठेवते ती ही पिन.

"दोन दिवसांवर पाडवा आलाय, युसुफभाई."

ते चाचणीपत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे धरून म्हणाले, "यावर 'नारळ लावून' असं छापलंय, वहिनी."

त्यावर मी जे बोलले ते इतकी वर्षं मी देवापुढेही पूर्ण म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "देवीचं काम आहे. तुम्हाला पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

मुंबईत स्फोट झाल्याला दहा दिवस झाले होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुसलमान घराकडे लोक वळून बघत होते. त्या दिवसांत त्या वाक्याला काय धार होती ते मला कळत नव्हतं, असं नाही. कळत होतं म्हणूनच ते तोंडात आलं. त्यांनी मान खाली घातली आणि बावन्न सह्या केल्या. 'चाखले' या रकान्यात मी बावन्न सह्या केल्या, जीभ कोरडी. नारळवहीत बावन्न यंत्रांपुढे बावन्न नारळ लिहिले. तोरण बांधलं. संदेशच्या कपाळाला अंगारा लावला.

एप्रिलात गुहागरला एका लग्नात काशीराम आचाऱ्याने नवी खवणी लावली. पहिल्याच नारळाला पिन तुटली, पातं निसटलं आणि उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून चिरली. पिना मऊ होत्या. एक जरी नारळ लावला असता तरी पिन आपल्या शेडमध्ये, युसुफभाईंच्या जाड हातमोज्याखाली तुटली असती.

बातमी आली त्या दिवशी तू शेडमध्ये नव्हतीस. सगळे गोल उभे. ह्यांच्या हातात चाचणीपत्र. ह्यांनी विचारलं, "युसुफ, नारळ लावला होतास?" कुणीतरी मागून पुटपुटलं, "मुद्दाम ढिली ठेवली असेल." युसुफभाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, चिमूटभर खोबरं जिभेवर ठेवायला लागतो तेवढाच. मी नारळवही उघडली आणि पान वाचू लागले, जसं काही मला त्यात काहीतरी शोधायचं होतं.

ते म्हणाले, "सही माझी आहे, हरिभाऊ."

बस. मेमध्ये ते कुवेतला गेले आणि तू पोरांना घेऊन केळशीला. ह्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा आता तेही पडताळता येत नाही.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं. जे झालं ते असं झालं आणि ते मी केलं, एवढंच तुला कळवते. ते पान मी बदलून घेणार. बदललं नाही तर पुस्तिका निघणार नाही, पाडव्याचा समारंभही होणार नाही. युसुफभाईंना हे पत्र वाचून दाखव किंवा दाखवू नको. पण पंख्याला हात लावू दे गं त्यांना.

चंद्र आला आहे.

यमुना


॥ श्री ॥
रत्नागिरी, शुक्रवार, १३ मार्च २०२६

हफीजा,

तुझं चार पानी पत्र काल आलं. देव्हाऱ्यापाशी बसून वाचलं, मग पुन्हा ओटीवर बसून वाचलं.

तू लिहितेस, 'तुम्हाला वाटत होतं मी रागाने तोडलं. मी लाजेने तोडलं. माझ्या माणसाने तुमचा धंदा बुडवायची पाळी आणली, एकाचा हात घालवला, आता कुठल्या तोंडाने यमुनाताईंच्या दारात जाऊ? तेहतीस वर्षं मी त्या माणसाला स्क्रू पिळू दिला नाही. पाहुण्यांसमोर बोलले. पोरांसमोर बोलले. ते हसायचे.' आणि खाली, 'हे कुणाच्या नावावर लिहायचं, तुम्ही हिशेबवाल्या, तुम्ही सांगा.'

माझ्या, हफीजा. त्यात वाटणी नाही.

आणि तू विचारल्यावर युसुफभाई काय म्हणाले ते लिहिलंस. 'वहिनीचं पोर वाचलं होतं. आणि त्या साली मी म्हटलं असतं की नारळ देवीला गेले, तर लोक म्हणाले असते, आता हा देवीवर घालतोय. शेड जळली असती.' ते वाक्य मी एकदाच वाचू शकले.

आता इथलं. रविवारी जेवणं झाल्यावर संदेश आणि मृणालीला समोर बसवलं आणि नारळवहीचं ते पान उघडून सगळं सांगितलं. मृणालीने पान स्वतःकडे ओढून वाचलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही करवंटीसुद्धा फेकत नाही. एवढी मोठी गोष्ट एवढी वर्षं ठेवली कुठे होतीत?" मी म्हटलं, "देव्हाऱ्यात." तिला ते टोमण्यासारखं वाटलं, पण मी खरंच सांगितलं होतं. वही देवांच्या पाटाखाली असायची.

संदेश उठून येरझाऱ्या घालायला लागला. "आई, पाडव्याला कोल्हापूरचे वितरक येतायत. करार त्याच दिवशी. त्यांच्या हातात मी काय देऊ, की आमच्या मालकिणीने चाचणी न करता माल विकला?"

"हो, तेच दे."

"तेहतीस वर्षांनी कुणाला काय फरक पडतो?"

"केळशीला एका घरात पंखा बंद आहे."

त्याला कळलं नाही, मृणालीला कळलं. मग तो म्हणाला, आणि आवाज मोठा होता, "हे सगळं तू माझ्यासाठी केलंस ना? मग आता माझ्यावरच का?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी नवस केला होता. नारळ वाचवले ते माझ्यासाठी. देवीलाही फुकटचे नारळ वाहिले मी. तुझ्या आयुष्याचं मोल दुसऱ्याने भरलंय, संदेश, आणि आपण त्याला हलगर्जी म्हणून छापतोय. निम्मा कारखाना माझ्या नावावर आहे. पान बदलल्याशिवाय कोल्हापूरच्या करारावर माझी सही नाही." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला चहा नेऊन ठेवत होते, कप रिकामा परत येत होता, म्हणजे राग पोटापर्यंत गेलेला नाही.

मंगळवारी पहाटेच्या एसटीने गुहागरला गेले. काशीरामकडे. ऐंशीचा झालाय. त्याला सांगितलं, कारागिराची चूक नव्हती, माझी होती. त्याने दोन न वळणारी बोटं माझ्यापुढे नाचवली. "वैनी, ही गेली म्हणून मी कढईपुढून उठलो नि खुर्चीवर बसून हुकूम सोडायला लागलो. आचाऱ्याचा मुकादम झालो." हसला. मग थांबून म्हणाला, "पण तो युसुफ इस्पितळात माझ्या पायाशी बसून रडलेला. मी त्याला लाथ मारलेली. त्याला सांगा, काशीराम म्हणतो, त्याच पायाने आता चालवत नाही." मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितेय. युसुफभाईंना सांग.

आज सकाळी मृणालीने नवं पान माझ्यापुढे ठेवलं. पहिल्याच ओळीत आहे की पहिली खवणी युसुफभाईंनी बनवली, हफीजाबाईंच्या माहेरच्या खवणीवरून. आणि १९९३ च्या खाली सगळं, माझ्या नावानिशी. मी फक्त एक शब्द बदलला. तिने 'अनवधानाने' लिहिलं होतं. तो खोडला. मागे संदेश उभा होता. म्हणाला, "छापायला पाठव." माझ्याकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

तू लिहितेस, 'पाडव्याला ते येतील. झारा गाडी चालवील. मी येणार नाही.' नको येऊस. तुझं बरोबर आहे.

यमुना


॥ श्री ॥
मिरजोळे, गुरुवार, १९ मार्च २०२६, गुढीपाडवा, दुपारचे अडीच

हफीजा,

हे टपालाने येणार नाही, युसुफभाईंच्या हाती देतेय. ते आत शेडमध्ये आहेत, बाहेर यायला तयार नाहीत. म्हणून लिहायला वेळ मिळाला.

सकाळी गुढी उभारली, साखरेची गाठी बांधली. साडेदहाला झाराची गाडी आली. युसुफभाई उतरले, शेडकडे बघितलं, म्हणाले, "पत्रे बदललेत." मी नमस्कार केला. ते म्हणाले, "वहिनी, किती बारीक झालात, वड्या खात नाही वाटतं?" एवढंच आमचं बोलणं. मी काय काय पाठ करून ठेवलं होतं, सगळं राहिलं.

पुस्तिका वाटल्या. संदेशने माईकवर ते पान स्वतः वाचून दाखवलं, मला वाटलं होतं मृणालीला देईल. 'माझ्या आईने' हे शब्द त्याने दोनदा वाचले, मग पुढे गेला. शेवटच्या ओळीनंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुने दोघं-तिघं कामगार उठून युसुफभाईंजवळ जाऊन उभे राहिले.

मग मी म्हटलं, नव्या खवणीची चाचणी जुन्या पद्धतीने व्हायची. आता इथे मीटर बघून पास करतात, चाखणं बंद होऊन दहा वर्षं झाली. खोक्यांची रास लागलेली, दोनशे चाळीस खवण्या, कोल्हापूरला जायच्या. संदेशने वरचं एक खोकं फोडलं. युसुफभाईंनी बाह्या सरसावल्या, नारळ एका टोल्यात फोडला आणि वाटी पात्याला लावली. पांढरंशुभ्र खोबरं पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी चिमूट उचलली आणि माझ्यापुढे धरली. "रोजा आहे. चाखायचं तुम्ही, वहिनी."

मी जिभेवर ठेवलं.

हफीजा, ग्रीस लागलं. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. समोर कोल्हापूरचे पाहुणे पेढा हातात धरून बसलेले, संदेश माझ्याकडे बघतोय, मृणालीच्या हातात कराराचा कागद आणि पेन. 'छान आहे' हे दोन शब्द तोंडात तयार होते. ते तेहतीस वर्षं तयारच आहेत.

युसुफभाई माझ्याकडे बघत होते. तेव्हा बघितलं होतं तसेच, तेवढाच वेळ.

मी म्हटलं, "ग्रीस लागतंय."

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी स्वतः चिमूट चाखली. "मला तर काय लागत नाही, आजी." मी म्हटलं, "मशेरी लावता का?" बिचारे लाजले. संदेशचा चेहरा उतरला होता. मी त्याला म्हटलं, "एकही खोकं आज जायचं नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, मग खोक्यांकडे, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "टेम्पो माघारी ने."

युसुफभाईंनी हात पुढे केला. "पाना आण कुणीतरी." मग झाराकडे वळून हळूच, "दादीला सांगू नको हां." तेव्हा सगळे हसले, नि मीही हसले आणि पदर डोळ्याला लावला. पाच मिनिटांत खवणी उघडली. रबरी कडं काढून संदेशच्या तळहातावर ठेवलं. "हे उलटं बसवलंय, बाळा. ओठ मोटारीकडे हवा, म्हणजे ग्रीस आतच राहतं." दुसरं खोकं फोडलं, तेही उलटं. तिसरंही. गेला दीड तास ते आणि संदेश जमिनीवर फतकल मारून दोनशे चाळीस खवण्या उघडतायत. मागून झारा प्रत्येकीला बाजारातून आणवलेला नारळ लावतेय आणि मी चाखतेय. मध्ये उठून हे लिहितेय. कोल्हापूरचे पाहुणे गेले नाहीत. म्हणाले, करार आठ दिवसांनी करू, पण यात 'चाखले' हा रकाना ठेवा. त्या नारळांचं सगळं खोबरं पातेल्यात आहे, वड्या मी आज करणार आहे. तुझा डबा वेगळा.

वाटेत रोजा सोडायला खजूर आणि पाणी पिशवीत ठेवलंय. एक खवणीही पाठवतेय, दुरुस्त केलेली नाही. ती तुझ्या घरी, तुझ्यासमोर त्यांनी उघडायची आहे. ईदच्या सांदणांना नारळ तिच्यावर खोव.

मागच्या पत्रांसारखे या कागदामागचे रकाने रिकामे नाहीत. उलटून बघ.

यंत्र क्रमांक : ४०/१
नारळ लावून चालवले : युसुफ
चाखले : यमुना
निकाल : नापास